इंग्रजी अध्यापनातील ऑनलाइन व्हिडिओ आणि छात्राध्यापकांचा दृष्टिकोन

इंग्रजी अध्यापनातील ऑनलाइन व्हिडिओंविषयी छात्राध्यापकांचा दृष्टिकोन हा शिक्षक-शिक्षणातील एक अभ्यासविषय आहे. बी.एड., डी.एल.एड. यांसारख्या अभ्यासक्रमांत इंग्रजीची अध्यापन पद्धती शिकणारे छात्राध्यापक यूट्यूब, दीक्षा इत्यादी मंचांवरील व्हिडिओंकडे कसे पाहतात, ते वर्गात वापरण्याची त्यांची तयारी कितपत असते आणि ही तयारी प्रत्यक्ष पाठात का उतरते किंवा का उतरत नाही, याचा विचार या विषयात केला जातो. व्हिडिओ उपयुक्त वाटणे आणि तो पाठात योजता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हा यातील मध्यवर्ती मुद्दा होय.

पार्श्वभूमी

भारतात दृक्श्राव्य माध्यमातून शिक्षण देण्याचे प्रयत्न ऑनलाइन व्हिडिओच्या बरेच आधीपासून झाले आहेत. १९७५-७६ मधील ‘साइट’ या उपग्रह दूरदर्शन प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचवण्यात आले. २००४ मध्ये शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. दूरदर्शनवरील प्रक्षेपणात आशय आणि वेळ दोन्ही अन्यत्र ठरत असत. शिक्षकाकडे निवडीचा अधिकार फारसा नव्हता. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाल्यानंतर ही स्थिती पालटली. कोणता व्हिडिओ, किती वेळ आणि कोठे थांबवून दाखवायचा, हे शिक्षक ठरवू लागला. २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘दीक्षा’ हा मंच सुरू केला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे पाठाशी निगडित डिजिटल साहित्य शिक्षकांना उपलब्ध झाले.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांना इंग्रजी ऐकण्याची संधी मुख्यतः वर्गातच मिळते. अशा ठिकाणी शिक्षकाचा उच्चार हाच विद्यार्थ्यापुढील एकमेव नमुना ठरतो. त्यामुळे व्हिडिओविषयीच्या दृष्टिकोनाचा संबंध शिक्षकाच्या स्वतःच्या भाषिक आत्मविश्वासाशीही येतो.

सैद्धांतिक आधार

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकृती प्रारूपानुसार एखादे साधन स्वीकारले जाणे हे त्याची जाणवणारी उपयुक्तता आणि जाणवणारी सुलभता यांवर अवलंबून असते. आइसेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतात दृष्टिकोनासोबत आणखी दोन घटक येतात : भोवतालच्या व्यक्तींच्या अपेक्षा आणि कृती आपल्या हाती आहे ही जाणीव. छात्राध्यापकाच्या बाबतीत हे दोन्ही घटक विशेष महत्त्वाचे ठरतात, कारण त्याचा पाठ मार्गदर्शक प्राध्यापक तपासतात आणि वर्ग दुसऱ्या शिक्षकाचा असतो. पुन्या मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये आशय, अध्यापनशास्त्र आणि तंत्रज्ञान यांच्या संयुक्त ज्ञानाची चौकट मांडली. तीनुसार केवळ यंत्र हाताळता येणे पुरेसे नसते.

दृष्टिकोनाचे स्वरूप

अनुकूल दृष्टिकोनामागे साधारणतः पुढील कारणे आढळतात : उच्चार, आघात व स्वराघात प्रत्यक्ष ऐकवता येणे, हावभाव व प्रसंग यांच्या आधारे अर्थ लक्षात येणे, वेग कमी करण्याची व उपशीर्षके दाखवण्याची सोय आणि विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे होणे. आजच्या बहुतेक छात्राध्यापकांना हे माध्यम वैयक्तिक वापरामुळे परिचित असते.

साशंक दृष्टिकोनही निराधार नसतो. विद्यार्थी केवळ प्रेक्षक होतील, परकीय उच्चार व वेग त्यांना समजणार नाही, अनुचित जाहिराती मध्येच दिसतील, तासाचा वेळ पुरणार नाही, अशा शंका व्यक्त होतात. काहींना पडद्यावरील ओघवत्या इंग्रजीपुढे आपले इंग्रजी उणे वाटेल अशी भीती असते. याउलट काहीजण व्हिडिओला स्वतःच्या उच्चाराचा आधार मानतात आणि पाठाच्या तयारीसाठीही त्याचा उपयोग करतात.

दृष्टिकोन आणि कृती यांतील अंतर

अनुकूल मत असूनही सराव पाठात व्हिडिओ टाळला जाण्यामागे विजेचा व आंतरजालाचा अनिश्चित पुरवठा, प्रक्षेपकाचा अभाव आणि तंत्र बिघडल्यास वर्गनियंत्रण सुटण्याची धास्ती ही कारणे असू शकतात. यूट्यूबने स्वतः दिलेल्या सोयीखेरीज अन्य मार्गाने व्हिडिओ उतरवून घेण्यास त्या सेवेच्या अटी मनाई करतात. त्यामुळे आंतरजाल नसलेल्या वर्गात पर्याय मर्यादित राहतात.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, भावी शिक्षक विद्यार्थिदशेतील दीर्घ निरीक्षणातूनच अध्यापनाची कल्पना घेऊन प्रशिक्षणास येतो. ज्याने इंग्रजी हा विषय वाचन, भाषांतर आणि प्रश्नोत्तरे यांतूनच शिकला, त्याच्यासमोर व्हिडिओवर आधारित पाठाचा नमुनाच नसतो.

प्रशिक्षणातील स्थान

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाला तसेच दीर्घ शालेय आंतरवासितेला स्थान मिळाले. तंत्रज्ञानाचा स्वतंत्र घटक आणि इंग्रजीची अध्यापन पद्धती यांची सांगड पाठ टाचणात घालावी लागते. व्हिडिओपूर्वी प्रश्न देणे, दोन-तीन मिनिटांचाच भाग निवडणे, आवाज बंद ठेवून संवादाचा अंदाज करवून घेणे, मध्येच थांबवून पुढील घटना विचारणे आणि शेवटी बोलण्याचे वा लिहिण्याचे काम देणे, या कृतींमुळे विद्यार्थी प्रेक्षक न राहता भाषेचा वापर करू लागतो. प्राध्यापकांनी असे पाठ स्वतः घेऊन दाखवल्यास छात्राध्यापकाला अनुकरणासाठी नमुना मिळतो आणि अनुकूल दृष्टिकोन कृतीत उतरण्याची शक्यता वाढते.