झँथोह्युमॉल
हॉप्स या वेलीच्या मादी फुलोऱ्यातील पिवळ्या, चिकट ग्रंथींत आढळणारे संयुग. रेणुसूत्र C₂₁H₂₂O₅. बिअरला कडवटपणा व वास देणारे हॉप्स भारतात हिमाचलातील लाहौल खोऱ्यात पिकतात. पेशींच्या प्रयोगांत हे संयुग एनआरएफ–२ हे प्रथिन जागे करून चेतापेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवते, असे चीनमधील लानझोऊ विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ मध्ये दिसले. त्याआधी, २०१४ मध्ये, अमेरिकेतील ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात हे संयुग दिल्यावर तरुण उंदरांची बौद्धिक लवचीकता वाढली. म्हाताऱ्यांची मात्र नाही. तेवढी मात्रा बिअरमधून मिळवायची तर माणसाला रोज सुमारे २,००० लिटर प्यावी लागेल! शिवाय बिअर बनवताना हॉप्स घातलेला काढा उकळताना बहुतेक झँथोह्युमॉलचे आयसोझँथोह्युमॉल होते. तेव्हा ‘बिअर मेंदूला चांगली’ हा निष्कर्ष निव्वळ सोयीचा.

आता आपल्याकडच्या मोहाच्या दारूचे व ताडीचे पाहू. मोखाडा तालुक्यातील खोडाळा परिसरात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची रसदार फुले वेचून वाळवतात. ती भिजवून, आंबवून भट्टीवर दारू गाळतात. तिच्यात हॉप्स नसतात, ताडीतही नाहीत. त्यामुळे हे संयुग दोन्हींत नाही. मद्यार्क मात्र तिन्हींत असतो आणि अतिसेवनाने तो मेंदूला अपाय करतो.