शाळेतील अन्न : एका जुन्या वादाची हकीगत

मागील बैठकीत आमच्या मंडळापुढे एक साधाच दिसणारा प्रश्न आला. बडनेऱ्यातील शाळांतून दुपारी जी खिचडी मिळते, तिच्या जोडीला अंडी अथवा केळी देण्यासाठी मंडळाने निधीतून काही रक्कम द्यावी काय? एका वयोवृद्ध बंधूंनी विचारले, "फुकटच्या अन्नाने आपण मुलांना मिंधे तर करीत नाही ना?" शंका प्रामाणिक होती, म्हणून तिचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

ही शंका फार जुनी आहे. वऱ्हाडास होरपळून काढणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळात विनाश्रम धान्य दिल्यास रयत आळशी बनेल, अशी धास्ती सरकारास होतीच. तथापि खडी फोडणाऱ्या मजुरांच्या लेकरांना मात्र कामाविना जेवू घालण्याची तजवीज दुष्काळी नियमांतच होती. इंग्लंडात १९०६ साली गरजू विद्यार्थ्यांना जेवण देण्याची मुभा कायद्याने स्थानिक संस्थांस दिली, तेव्हाही आईबाप आपली जबाबदारी झटकतील, असा ओरडा झाला होता. मद्रास नगरपालिकेने १९२० साली आपल्या शाळेत फराळ सुरू केला, तो मुले शाळेत यावीत म्हणून.

आपल्याकडे हे कार्य प्रथम वसतिगृहांनी केले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींसाठी वसतिगृहे काढविली. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसविली. आणि आपल्या अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालविले. आज फुकट अन्नाला नाके मुरडणाऱ्या किती घरांतील पहिला शिकलेला पुरुष अशाच एखाद्या वसतिगृहात जेवून मोठा झाला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची योजना आली. महाराष्ट्रात प्रारंभी शिजविलेले अन्न नव्हते. हजेरी पुरेशी असल्यास दरमहा ३ किलो तांदूळ मिळे. तांदूळ घरी जाई आणि साऱ्या कुटुंबाच्या पातेल्यात पडे. त्यात गैर काय? उपाशी घरात एकट्या मुलासाठी निराळी चूल कोणती माता पेटवील? परंतु शाळेतील भूक मात्र शाळेतच राही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न द्यावे, असा आदेश दिला आणि मग खिचडी आली. पुढे प्राथमिक वर्गासाठी १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरले. आमचे बडनेरे रेल्वेचे जंक्शन. हमाली व रोजंदारीवर जगणाऱ्यांची घरे येथे पुष्कळ. भल्या पहाटे कामावर निघणाऱ्या आईला मुलाच्या डब्यासाठी सवड कोठून मिळणार?

या पंक्तीवर जातीचीही सावली पडली. २०२१ साली उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न काही मुलांनी नाकारले. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिणे काहींना रुचणार नाही; पण ते नाकारणे मुले घरूनच शिकून येतात, हे आपण जाणतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे वा अन्य फळ, देण्याचे ठरविले. त्यावर मांसाहार-शाकाहाराचा मोठा वाद माजला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी शासनाने थांबविला आणि तो भार लोकसहभागावर सोपविला. लोकसहभाग म्हणजे आपणच. म्हणून हा विषय मंडळाच्या बैठकीपर्यंत आला.

आमचे मत द्यावे असे आहे. खाणाऱ्यास अंडे, न खाणाऱ्यास केळे; आणि कोणाच्या पानात काय पडते, याची चौकशी मंडळाने करू नये. त्या दिवशी ठराव झाला नाही. विषय येत्या वार्षिक सभेपुढे ठेवला असून शंका विचारणारे ते बंधूही सभेस येणार आहेत.