सातव्यातलं, आठव्यातलं आणि अडीच किलोचा काटा

आज किल्ला नाही, लढाई नाही. आजचा इतिहास एका काट्याचा आहे. बाळाचं वजन करायच्या काट्याचा.

जुन्नर-आंबेगावकडचे श्रोते असाल तर एक वाक्य तुम्ही घरात ऐकलं असेल. नसाल तरी ऐकलं असेल, कारण ते महाराष्ट्रभर चालतं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ आजी हे इतक्या खात्रीनं सांगते की डॉक्टरसुद्धा क्षणभर गप्प बसतो. गंमत म्हणजे ही समजूत फक्त आपली नाही. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर जे वैद्यकीय ग्रंथ आहेत, त्यात एक आख्खा ग्रंथ आठव्या महिन्यातल्या बाळावर आहे. म्हणणं तेच, आठव्यातलं टिकत नाही! दोन हजार वर्षांहून जुनी आणि साफ चुकीची समजूत. पोटात वाढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनं असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते.

मग ही समजूत टिकली कशी? माझा अंदाज सांगते, पुरावा मागू नका. पूर्वी दिवस कोण मोजत होतं? जे लहानखुरं बाळ जगलं ते ‘सातव्यातलं’ म्हणून कौतुकानं सांगितलं गेलं. आणि लग्नाला सात महिने झालेले असताना झालेलं गुटगुटीत बाळही सातव्यातलंच असायचं, हो ना?

आता हिशेब नीट करू. आपण म्हणतो ‘नऊ महिने नऊ दिवस’. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर वैद्यकशास्त्र २८० दिवस म्हणतं, म्हणजे ४० आठवडे. दोन्ही जवळपास सारखंच. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं.

पण दिवस माहीतच नसतील तर? तिथे काटा आला. १९१९ मध्ये अर्वो इल्प्यो नावाच्या फिनलंडच्या बालरोगतज्ज्ञानं सोपी रेघ आखली. २५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाचं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनंही हीच रेघ उचलली. युरोपात चालून गेलं. आपल्याकडे मात्र गोंधळ झाला, कारण इथे पूर्ण दिवस भरलेली कितीतरी बाळं अडीच किलोच्या आतबाहेरच असतात. दिवस भरलेलं पण पोटात उपाशी राहिलेलं बाळ आणि घाईनं जन्मलेलं बाळ, दोघं एकाच रांगेत बसली. १९६१ मध्ये संघटनेनं शब्द बदलला आणि २५०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला ‘कमी वजनाचं’ म्हणायचं ठरलं. शब्दातला हा फरक किरकोळ वाटेल. पण एकाची फुप्फुसं कच्ची असतात आणि दुसऱ्याच्या आईचं ताट रिकामं असतं. दोघांवरचा इलाज एक कसा असेल?

हे ताट कुणी मोजलं, तर आपल्याच जिल्ह्यानं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी त्यातल्या आहाराचा भाग मांडला. गरोदरपणाआधी या बायकांचं सरासरी वजन होतं ४१.७ किलो. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २६६५ ग्रॅम. लक्षात घ्या, सरासरीच रेघेला टेकलेली! दिवसाला प्रथिनं जेमतेम ४५ ग्रॅम. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी निघाली. आणि शेतात, घरात ज्यांचे काबाडकष्ट जास्त, त्यांची बाळं लहान.

ही बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आपली बाळं हलकी होती, स्नायू कमी होते, पण अंगावरची चरबी त्या मानानं टिकून होती. बारीक तरी चरबीवालं बाळ. मोठेपणीच्या मधुमेहाचा धागा याज्ञिक तिथपर्यंत मागे नेतात. तो वेगळ्या भागाचा विषय आहे, आज नको.

मला यातलं सगळ्यात जास्त खटकतं ते दुधाचं. आंबेगाव-जुन्नर म्हणजे गोठ्यांचा पट्टा. पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर जातात. त्या घरातल्या गरोदर बाईच्या कपात किती उरतं, हे आपण विचारतो का?

आता खरोखर घाईनं आलेल्या बाळाकडे वळू. त्याला तीन गोष्टी लागतात: ऊब, दूध आणि जंतूंपासून आडोसा. पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास तार्निये या डॉक्टरनं कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीवरून बाळाची पेटी बनवून घेतली. काचेची पेटी म्हणजे आधुनिक उपचार, हे चित्र तिथून आपल्या डोक्यात बसलं. त्यांचाच सहकारी बुदँ मात्र आईला बाजूला सारू नका, तिचं दूध द्या, असं सांगत राहिला. त्याचं कमी लोकांनी ऐकलं.

ते ऐकलं गेलं मुंबईत, सायनच्या पालिका रुग्णालयात. डॉ. आर्मिडा फर्नांडिस तिथल्या नवजात विभागात होत्या. बाळं जंतुसंसर्गानं दगावत होती, परिचारिका अपुऱ्या होत्या. त्यांनी डब्याची पावडर बंद केली आणि आयांना वॉर्डात आणलं. दूध आईचंच. मृत्यू घटले. ज्या आईला दूध येत नाही किंवा जी आजारी आहे, तिच्या बाळाचं काय? त्यातून २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सायनला मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातली पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, तापवून, गोठवून ठेवायचं आणि गरजू बाळाला द्यायचं.

दुधावर इतका जोर का? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं. त्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा जो भयंकर आजार असतो, तो पावडरच्या दुधावर वाढणाऱ्यांत जास्त आढळतो. शिवाय लवकर बाळंत झालेल्या बाईच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिनं जास्त असतात. आणि पहिला चीक! गाय व्यायली की चीक आधी वासराला, मग उरला तर आपला खरवस, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. पण बाईचा चीक ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, हेही आपणच पिढ्यान्‌पिढ्या केलं.

आणखी एक अडचण. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमायला लागतो. त्याआधी थेट पाजलं तर ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जातं. म्हणून नळीनं, मग वाटी-चमच्यानं. आपलं जुनं बोंडलं आठवतंय? छोट्या चोचीचं भांडं. कल्पना वाईट नव्हतीच. घात व्हायचा तो नीट न धुतल्यानं आणि आत काय भरलंय त्यानं.

ऊब तर आणखी स्वस्त निघाली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या कमी आणि बाळं जास्त, म्हणून डॉ. एदगार रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. यालाच आज कांगारू केअर म्हणतात. बरीच वर्षं डॉक्टर म्हणत, बाळ स्थिरावल्यावर हे करा. मग भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास झाला. त्यात जन्मल्याबरोबर, स्थिरावायची वाट न बघता, बाळं आईच्या छातीवर ठेवली. २०२१ मध्ये निकाल आला: पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. तिथे आईसाठी पलंग थेट अतिदक्षता विभागातच टाकावा लागला. इतकी साधी गोष्ट, पण पलंग टाकायला शंभर वर्षं लागली!

बाळ जगलं, पुढे काय? हा प्रश्न पुण्यात विचारला गेला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोंच्या आतल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी पिच्छाच पुरवला. एक-दोन वर्षं नाही, १२ वर्षं, मग १८ वर्षं. बहुतेक मुलांचं ठीक चाललं होतं. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत, पण पुरेशा वजनाच्या मुलांपेक्षा थोडा कमी. सगळ्यात मागे पडली ती दोन्हीकडून मार खाल्लेली मुलं, म्हणजे दिवसही अपुरे आणि त्या दिवसांच्या मानानंही वजन कमी. आधी दोन रांगा वेगळ्या का करा म्हणाले, ते आता कळलं असेल.

पण पुण्यातला वॉर्ड आणि आहुपे-घाटघरकडची वाडी यात डोंगर आहे. पावसाळ्यात तर विचारूच नका. इथे मला गडचिरोलीचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या बाळाचं वजन करत, श्वास मोजत, बाळाला ऊबदार पिशवीत ठेवत, आईला पाजायला मदत करत, आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देत. यावर त्या वेळी डॉक्टर मंडळींच्या भुवया उंचावल्या होत्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी घटला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपुरतं बोलायचं तर आधी शंभरातली ३३ दगावत, नंतरच्या वर्षांत १०. पेटी नाही, वॉर्ड नाही.

२०११ मध्ये हे काम देशभर आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. म्हणून तुमच्या वाडीवर आशाताई काटा घेऊन आली की ‘काल तर मोजलं होतं’ म्हणू नका. १८०० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला नवजात अतिदक्षता कक्षातच न्यायचं. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या वर, त्यात चाकणचं ट्रॅफिक. १०८ मध्ये बाळ दुपट्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर आणि आई मागच्या गाडीत, असं करू नका. आईची तब्येत बरी असेल तर बाळ तिच्या छातीला, कातडीला कातडी लावून, डोक्याला टोपरं, वरून शाल. आई येऊ शकत नसेल तर बाप. बापाची छातीही तितकीच गरम असते, लाजायचं कारण नाही.

आणि ताटाचं? आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने, अंगणवाडीत रोज एक पूर्ण गरम जेवण. सहा खेड्यांतले ते ४५ ग्रॅम आठवा आणि अंगणवाडीत जाऊन बघा, ताटात काय वाढलं जातंय.

तुमच्या घरात कुणी ‘सातव्यातलं’ असेल तर आजीला विचारा: ऊब कशानं दिली, दूध कशानं पाजलं, पहिला चीक दिला की टाकला? व्हॉइस नोट पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवते.