सुरतेचा जोडा

अमेरिकेत १९३८ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वपक्षाच्याच काही सिनेटरांना निवडणुकीत पाडण्याचा खटाटोप केला व तो बहुतांशी फसला, हे वाचून विस्मित होणाऱ्या सावर्डेकराने आपल्याच जिल्ह्याचे दप्तर उघडावे. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले टिळक आणि गुहागरनजीक कोतळुकात १८६६ साली जन्मलेले गोखले एकाच राष्ट्रसभेचे धुरीण. परंतु नागपूरचे अधिवेशन सुरतेस हलविले गेल्यापासून टिळकांचे जहाल आणि गोखल्यांचे मवाळ यांच्यातील दुही विकोपास गेली होती. २७ डिसेंबर १९०७ रोजी नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष भाषणास उभे राहताच, ज्यांच्या उपसूचनेच्या नोटिशीची दखलच घेतली गेली नव्हती ते टिळक व्यासपीठावर चढले आणि हटेनात. तोच एक जोडा भिरभिरत येऊन व्यासपीठावरील मवाळ पुढारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना चाटून गेला. जोडा मराठी बांधणीचा होता, याविषयी मात्र दुमत झाले नाही! त्या गदारोळात टिळकांवर धावून येणाऱ्यांपुढे बाहू पसरून उभे राहिले ते गोखलेच, हा प्रसंग मला जोड्याहून अधिक स्मरणीय वाटतो. १९१६ साली लखनौस दिलजमाई झाली, तेव्हा गोखल्यांना जाऊन वर्ष उलटले होते.