थोरल्या माधवरावांचा राजयक्ष्मा

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीनें आंखली आहे. अंबड तालुक्यांतील शहागडापासून राक्षसभुवन फारसें दूर नाहीं. मात्र तें नदीपलीकडे, बीड जिल्ह्यांत मोडतें. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला व अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांची तलवार दक्षिणेस ठाऊक झाली. पुढें नऊच वर्षांनीं, १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, ते थेऊर येथें राजयक्ष्म्यानें वारले. मराठी राज्यास हा घाव पानिपताहून कमी नव्हता, असें ग्रँट डफचें मत सुप्रसिद्ध आहे. तेव्हां या रोगाचा विचार वैद्यांवर सोंपवून इतिहासाच्या अभ्यासकास मोकळें होतां येत नाहीं.

कोणी या रोगाचें मूळ कुळांत शोधतात व चिमाजी आप्पांच्या जुनाट खोकल्याकडे बोट दाखवितात. आप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. माधवरावांचा जन्म १७४५ च्या फेब्रुवारींतला. क्षयाचा जंतु वारशानें उतरत नाहीं. तो रोग्याच्या खोकल्यानें हवेंत येतो व दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आंत जातो. म्हणून चुलत आजोबांपासून नातवापर्यंत सरळ रेघ ओढणें आम्हांस मान्य नाहीं.

हा जंतु रॉबर्ट कॉक यानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केला. परंतु जंतु शिरला म्हणजे मनुष्य आजारी पडलाच असें नव्हे. फुप्फुसांत शरीराच्या रक्षक पेशी त्याच्याभोंवतीं वेढा घालतात, व वेढ्याच्या आंत कित्येक जंतु न मरतां निपचित राहतात. वर्षें जातात, कधीं दशकेंहि जातात. जगांतील सुमारें चतुर्थांश माणसांस ही लागण झाली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण त्यांपैकीं शेंकडा ५ ते १० जणांसच आयुष्यांत केव्हां तरी प्रत्यक्ष रोग होतो. उपासमार, मधुमेह, वार्धक्य, एच.आय.व्ही.ची बाधा, प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें, यांपैकीं कशानेंहि वेढा ढिला पडला कीं निजलेला जंतु उठतो.

आमच्या वैद्यकग्रंथांत या गोष्टीचे दोन भाग दोन ठिकाणीं पडले आहेत. सुश्रुतानें निदानस्थानांत शोषाची गणना स्पर्श, श्वास, सहभोजन, एकशय्या इत्यादिकांनीं एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांत केली आहे. चरकानें निदानस्थानांतील शोषाच्या अध्यायांत चार कारणें सांगितलीं : साहस, म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, संधारण, म्हणजे मलमूत्रादि वेग रोखणें, क्षय, म्हणजे शोकचिंता, उपवास इत्यादिकांनीं होणारी धातूंची झीज, आणि विषमाशन. संधारणाच्या विवेचनांत तो राजाजवळ किंवा धन्याजवळ अडकून बसलेल्या मनुष्याचें उदाहरण देतो, तें ज्यांनीं दरबारी कागद चाळले आहेत त्यांस पटेल. या चारांत लागणीचें नांवहि नाहीं. आहे तें सर्व शरीर दुर्बळ होण्याविषयींचें. चरकास जंतु ठाऊक होता असें म्हणण्याची हौस आम्हांस नाहीं. परंतु सुश्रुताची लागण व चरकाचें दौर्बल्य एकत्र ठेविलीं असतां आजच्या विवेचनाशीं तीं बरींच जुळतात.

आतां माधवरावांचा काळ पाहावा. १७६१ त, पानिपताच्याच वर्षीं, नानासाहेब वारले आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या गळ्यांत पेशवाई व वडिलांचें कर्ज हीं दोन्ही पडलीं. १७६२ त रघुनाथरावांशीं आळेगांवीं युद्ध, १७६३ त राक्षसभुवन, १७६४-६५ व १७६७ त कर्नाटक, १७६८ त धोडप, १७६९-७० त पुन्हां कर्नाटक. श्रम, चिंता व छावणीचें वेळीं-अवेळीं अन्न. चरकाच्या चार कारणांपैकीं तीन येथें निराळीं दाखवावयास नकोत. १७७० त ते कर्नाटकांतून आजारी परतले. पुढील हंगामांत पुन्हां निघाले, पण मिरजेहून मागें फिरावें लागलें व मोहीम त्रिंबकराव मामा पेठ्यांकडे गेली. मध्यंतरीं उतार पडून आशा वाटली; १७७२ त तोच रोग अधिक जोरानें उलटला.

हा उतार आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. रोग शमला होता, नष्ट झाला नव्हता. जंतु पूर्वीं एकदां असाच निपचित राहिला असावा, व राक्षसभुवनाच्या दिवशींहि तो छातींत असणें असंभवनीय नाहीं. उलट कर्नाटकांतील एखाद्या गोटांत तो नव्यानें लागला, असेंहि कोणी म्हणूं शकेल. आमचा कल पहिल्या पक्षाकडे आहे, कारण लागोपाठच्या मोहिमांनीं शरीर झिजल्यावरच रोग वर आला. तथापि हें अनुमान आहे, पुरावा नव्हे.

पुरावा मिळालाच तर संग्राहकांच्या रुमालांतूनच मिळेल. जालना, अंबड, भोकरदन या बाजूस ज्यांजवळ जुनीं वैद्यकी बाडें, पथ्याचीं टिपणें किंवा औषधांच्या याद्या असतील, त्यांनीं तीं राजकारणाचीं नाहींत म्हणून बाजूस टाकूं नयेत. पेशव्यांच्या किंवा त्यांच्या सरदारांच्या ज्वर, खोकला, कृशता, अन्नावरील वासना यांचा उल्लेख असलेलें प्रत्येक पत्र मितीसह नकलून घ्यावें. अशा मिती मोहिमांच्या मितींशेजारीं मांडल्या म्हणजे वरील दोन पक्षांपैकीं कोणता टिकतो तें पाहतां येईल.