नागपूर ते 'देवाचा दरबार' : रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट 🧵

१/ 'फुलामुलांचे कवी' म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक सर्वांना परिचित आहेत. परंतु श्रद्धेसाठी त्यांनी काय मोजले, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा नागपुरात आहे.

२/ जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. संस्कृतावर प्रभुत्व, वृत्तीने भटके. १८९० नंतर ते नागपुरास आले. धनिक विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम आणि 'ऋषि' मासिकाचे संपादन, असा त्यांचा दिनक्रम होता.

३/ स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपुरात स्कॉटिश मिशनचे कार्य आरंभिले होते. १८८३ पासून त्यांच्या नावाचे महाविद्यालयही उभे होते. तथापि टिळकांचे मन वळले ते मिशनच्या शाळेत नव्हे, तर रेल्वेच्या डब्यात.

४/ १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावास निघाले होते. सहप्रवासी एक युरोपीय गृहस्थ. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने 'नवा करार' हाती दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावून गेले.

५/ १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी ब्राह्मणाने धर्मांतर करणे म्हणजे आप्त, ज्ञाती आणि घर यांना एकाच दिवशी मुकणे. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. पतिपत्नींची ही ताटातूट काही वर्षे टिकली.

६/ पतीच्या धैर्याची किंमत पत्नीला, तिचे मत न विचारता, भरावी लागली, हे येथे नोंदवलेच पाहिजे. लक्ष्मीबाई पुढे नगरला आल्या, तरी प्रारंभी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, असा स्वतःचा निश्चय झाल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा होता.

७/ टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य करू लागले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे नव्हे, ही त्यांची ठाम भूमिका होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. म्हणूनच मराठी उपासनेत त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन आणले. विलायती चालींवर भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळींना आपल्या मातीचा सूर मिळाला.

८/ सर्वांत धाडसी पाऊल मात्र अजून बाकी होते. पगारी धर्मसेवक आणि परकीय मिशन यांमुळे ख्रिस्ताचा संदेश लोकांना परका वाटतो, अशी त्यांची खात्री झाली होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला.

९/ या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. १८९५ मध्ये त्यांनी ज्ञातीचा आधार सोडला. १९१७ मध्ये संस्थेचा. पहिल्या वेळी स्वकीय दुरावले, दुसऱ्या वेळी निश्चित उत्पन्न गेले. एकाच माणसाने दोनदा सुरक्षितता नाकारली, ती एकाच हाकेला ओ देण्यासाठी.

१०/ ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार पुरता आकाराला आला नव्हता; 'ख्रिस्तायन' महाकाव्यही अपुरे होते. त्याचा उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. औपचारिक शिक्षण नसलेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी आत्मचरित्राला नवे मानदंड दिले.

११/ टिळकांना केवळ 'धर्मांतरित कवी' म्हणणे अपुरे आहे. धर्म बदलला तरी भाषा, संतपरंपरा आणि देश सोडावा लागत नाही, हे त्यांनी जगून दाखविले. आणि त्या जगण्याचा सर्वांत परखड, सर्वांत प्रेमळ साक्षीदार त्यांच्याच घरात होता. 'स्मृतिचित्रे' अवश्य वाचा.