दप्तरापासून मेघराजापर्यंत

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली आणि पुढील दशकात ‘निकनेट’ या उपग्रहाधारित जाळ्याने जिल्हा मुख्यालये राजधानीशी जोडली जाऊ लागली. तरीही सर्व्हर, म्हणजे माहिती साठवून ती इतर संगणकांना पुरवणारे यंत्र, आपल्याच कचेरीत ठेवण्याची खात्यांची रीत दीर्घकाळ टिकली. परिणामी एखाद्या खात्याचे यंत्र वर्षभर जवळपास रिकामे राही, तर दुसऱ्याचे निकालाच्या दिवशी भाराने कोलमडे.

२००६ च्या राष्ट्रीय ई-शासन योजनेने राज्यस्तरीय डेटा सेंटरची कल्पना रुजवली, आणि २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्यावर एकाच जागी ठेवलेल्या दप्तराचा धोका महाराष्ट्राला प्रत्यक्ष दिसला. २०१४ मध्ये केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाउड सुरू झाले. यात एका भौतिक यंत्राचे आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक आभासी यंत्रांत विभाजन होते आणि ती गरजेनुसार निरनिराळ्या खात्यांना दिली जातात. साधने सामायिक, परंतु वापर शासनापुरता मर्यादित, म्हणून त्यास खासगी क्लाउड म्हणतात.

गाव नमुना सात हे अधिकारपत्रक आणि गाव नमुना बारा ही पीक नोंदवही मिळून होणारा सातबारा २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळू लागला, तो अशाच केंद्रीभूत साठवणीमुळे. यंत्रे सामायिक झाली. नोंदीच्या अचूकतेची जबाबदारी मात्र आजही ज्या त्या खात्याचीच आहे.